शाम्पूची वडी: आठ महिने, चार जिल्हे आणि लातूरचं पाणी

पतसंस्थांच्या ऑडिटसाठी महिन्याचे बारा-पंधरा दिवस मी बाहेर असते. लातूर, सोलापूर, नांदेड, मधूनच चिपळूण. केस कमरेपर्यंत आहेत, कापायचा विचार नाही. गेल्या वर्षी एसटीत शाम्पूच्या बाटलीचं झाकण निघालं आणि बॅगेतले तीन कुर्ते, वर एका पतसंस्थेचं ताळेबंदाचं बाड, सगळं सुगंधी झालं. त्याच रात्री घट्ट शाम्पूची वडी मागवली.

पहिली वडी फसली, आणि चूक माझीच. ‘नैसर्गिक’ एवढंच वाचून घेतली. लातूरच्या लॉजवर बोअरच्या पाण्यात डोकं धुतलं, तर केस वाळल्यावर मेण चोळल्यासारखे. कंगव्याच्या दातांत पांढरट चिकटा. वेष्टन नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला: सोडियम पामेट, सोडियम कोकोएट. म्हणजे चक्क साबण! ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी मिळाला की न विरघळणारा साका होतो आणि तो केसांवर बसतो. बादलीच्या कडेला जो राप धरतो ना, तोच. लॉजच्या मावशींनी अर्धं लिंबू तांब्याभर पाण्यात पिळून दिलं, तेव्हा कुठे केस सुटले. ती वडी आता मोजे धुवायला.

दुसरी वडी घेताना सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे नाव शोधून घेतली. हा साबण नव्हे, शाम्पूसारखा फेस करणारा वेगळा घटक, त्यामुळे जड पाण्यातही फेस होतो आणि साका धरत नाही. 75 ग्रॅमची वडी मला आठवड्याला दोन न्हाणी धरून अडीच महिने पुरली. सध्या तिसरी चालू आहे.

तक्रार आहेच. वडी थेट डोक्यावर घासली की लांब केसांचा असा गुंता होतो की सकाळची बैठक गेली म्हणून समजा. आधी हातावर फेस काढायचा आणि तो फक्त मुळांना लावायचा. शेंड्यांना धुताना खाली येतो तेवढा पुरतो. शिवाय धुवायला पाणी जास्त लागतं. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दुसरी बादली मागताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं. म्हणून लातूरला असले की एकच न्हाणं, तेही मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी.

चिपळूणला उलटाच प्रकार. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ की एक बादली पुरते, केस रेशमासारखे. तीच वडी, तोच हात! पण पावसाळ्यात तिथे केस वाळत नाहीत. एकदा ओल्या केसांचा अंबाडा घालून दिवसभर खतावण्या तपासल्या. संध्याकाळी सोडला तर कुबट वास आणि टाळूला खाज. आता तिकडे रात्री डोकं धुतच नाही. सकाळी लवकर धुते आणि पंख्याखाली बसून चहा घेते.

वडीसोबत आलेली पत्र्याची डबी तीन आठवड्यांत गंजली आणि आत वडीचा लगदा. तिच्यापेक्षा भोकांची प्लास्टिकची साबणदाणी बरी. निघण्याआधी वडी फडक्यावर तासभर वाळवायची. घाई असली की माझं हे राहतं, मग बॅगेत पुन्हा चिकचिक.

बहिणीकडे दुबईला गेले तेव्हा मात्र वडी भारी ठरली. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानतळांवर हातातल्या बॅगेत द्रव पदार्थाची बाटली 100 मिलीपेक्षा मोठी चालत नाही. वडी द्रवात धरतच नाहीत. शेजारची बाई आपली मोठी बाटली तपासणीच्या टेबलावर सोडून चालली होती, मी निवांत.

केसगळती थांबली का, असं ऑफिसातल्या दोघींनी विचारलं. नाही. गळती कमी झाली ती लाल परीत खिडकीशी बसताना वेणी घालून वर जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधायला लागल्यापासून. मोकळे केस वाऱ्यावर चार तास आपटले की तुटणारच, त्याला वडी काय करणार?

पावणेचारशे रुपये महाग वाटतात, तरी फिरतीसाठी पुन्हा घेईन. घरी मात्र बाटलीच. पुढच्या आठवड्यात नांदेड आहे. सुरीने अर्धी वडी कापून साबणदाणीत ठेवली आहे, लिंबू तिथल्या बाजारात घेईन.