चार बियांचे पाकीट आणि ऑन्टारिओचा उन्हाळा

मागच्या वर्षी मे महिन्यात कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनर शहरातील एका परवानाधारक दुकानातून मी गांजाच्या चार बियांचे पाकीट विकत घेतले. किंमत ४५ डॉलर आणि त्यावर १३ टक्के कर, म्हणजे एक बी जवळजवळ पावणेतेरा डॉलरला पडले. परसात मेथी, मिरची आणि टोमॅटो लावण्यापलीकडे माझा बागकामाचा अनुभव नव्हता आणि हे पीक तर मी पहिल्यांदाच घेत होतो. त्यामुळे हे परीक्षण उघड्यावर, कुंडीत आणि बियाण्यापासून सुरुवात करणाऱ्या नवशिक्याच्या नजरेतून लिहिले आहे. बी चांगले निघाले, पण पाकिटावरच्या सूचना दिव्याखाली खोलीत रोपे वाढवणाऱ्यासाठी लिहिलेल्या होत्या. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

आधी कायद्याचे सांगतो, कारण भारतातले वाचकही हे वाचतील. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरी गांजा लावण्याची मुभा आहे. मर्यादा प्रत्येक घरामागे चार रोपांची आहे, माणशी नव्हे, त्यामुळे घरात चार प्रौढ असले तरी रोपे चारच. ऑन्टारिओत वयाची अट १९ वर्षांची आहे आणि भाड्याच्या घरात किंवा कॉन्डोमध्ये, म्हणजे सामायिक इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, राहत असाल तर करारात मनाई नाही ना, हे आधी पाहावे लागते. शेजारच्या क्वेबेक प्रांताने घरगुती लागवडीवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती वैध ठरवली, त्यामुळे तिथल्या मॉन्ट्रियल शहरातल्या नातेवाइकांना हा लेख निरुपयोगी आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय लागवड करणे हा गुन्हा आहे, आणि इथून बी पाकिटात घालून तिकडे पाठवणे इथल्या कायद्यानेही गुन्हाच ठरतो.

दुकानात दोन प्रकारची पाकिटे होती. पहिल्या प्रकारातली रोपे दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतात, दुसऱ्यातली ठरावीक वयाची झाली की आपोआप फुलतात. विक्रेत्या मुलीने मला दुसरा प्रकार घ्यायला सांगितले आणि तिचा तो सल्ला पाकिटापेक्षा मोलाचा ठरला. कारण असे की इथे २१ जूनच्या सुमारास दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो. मुंबईत त्याच दिवशी तो जेमतेम सव्वातेरा तासांचा असल्याने आपल्याकडच्या माणसाला या फरकाचा अंदाजच नसतो. पहिल्या प्रकारची रोपे इथे ऑगस्टमध्ये कुठे फुलू लागतात आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये तयार होतात, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा रात्री थंड होतात, दव सकाळी उशिरापर्यंत वाळत नाही आणि पहिले हिम दाराशी आलेले असते. आपोआप फुलणाऱ्या जातींमध्ये रुडेरालिस नावाच्या बुटक्या गांजाचा अंश असतो. १९२४ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी त्याचे वर्णन केले. तिकडच्या आखूड उन्हाळ्यात त्याला दिवसमानाची वाट पाहत बसणे परवडण्यासारखे नव्हते, आणि माझ्या परसातलीही अडचण तीच होती.

बी ‘फेमिनाइज्ड’ होते, म्हणजे त्यातून जवळपास मादी रोपेच निघतात. साध्या बियाण्यातली सुमारे निम्मी रोपे नर असतात, आणि नराचा पराग सुटला की मादीची फुले बियांनी भरून निकामी होतात. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या नौगावच्या गांजाच्या शेतांत नर रोपे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ म्हणवणारे जाणकार पैसे देऊन बोलावले जात, हे मला वाचून ठाऊक होते. त्या जाणकाराची मजुरी आज बियाण्याच्या किमतीतच धरलेली असते, असे मी मनाशी म्हटले आणि ४५ डॉलर दिले.

आता सूचनांविषयी. पाकिटावर ‘१८ तास प्रकाश’, ‘उंची ६० ते ८० सेंटिमीटर’ आणि ‘८ ते १० आठवडे’ एवढेच छापलेले होते. उघड्यावर लावणाऱ्याला १८ तास प्रकाश आणायचा कोठून? पेरणी केव्हा करावी, कुंडी केवढी घ्यावी, रोप दुसऱ्या कुंडीत हलवावे की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते. हे शेवटचे न सांगणे मला सर्वांत गंभीर वाटते. आपोआप फुलणाऱ्या रोपाचे आयुष्य मोजके असते, त्याला मुळे दुखावल्याचा धक्का सावरायला सवड नसते, म्हणून बी थेट शेवटच्याच कुंडीत पेरायचे असते. टोमॅटोच्या सवयीने मी दोन बिया लहान पेल्यांत लावल्या आणि नंतर हलवल्या. ती दोन्ही रोपे अखेरपर्यंत खुजी राहिली.

पेरणी मी मेच्या उत्तरार्धात येणाऱ्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर केली, कारण इथले जुने बागवाले त्याआधी नाजूक काही बाहेर ठेवत नाहीत. कुंड्या कापडाच्या, सुमारे १९ लिटरच्या घेतल्या. मातीत पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा), कंपोस्ट आणि निचऱ्यासाठी परलाइट (खडकाचे फुगवलेले हलके पांढरे दाणे) मिसळले. बी सुमारे एक सेंटिमीटर खोल ठेवले. चारही बिया पाच दिवसांत उगवल्या, आणि पाकिटावरची तारीख चौदा महिने जुनी असूनही उगवल्या, हे उत्पादकाच्या बाजूने नोंदवायलाच हवे. चौथे रोप मात्र दहाव्या दिवशी बुंध्याशी बारीक होऊन कोलमडले. दोष माझा होता, कारण मी रोज सकाळी प्रेमाने पाणी घालत होतो. कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी द्यायचे, हे मी त्यानंतर शिकलो. ते एक वाक्य पाकिटावर मावले असते.

याच सुमारास आई साताऱ्याहून आली होती. तिने पान पाहताच रोप ओळखले. ‘इथे कायद्याने चालते, आई,’ असे मी म्हटल्यावर ती म्हणाली, ‘चालत असेल रे, पण नातवाच्या हाताला लागेल असे ठेवू नकोस.’ तिचे बरोबर होते. त्याच दिवशी कुंड्या कुंपणाच्या आतल्या कुलूपबंद भागात नेल्या. पण तिथे दुपारनंतर सावली येत असे आणि त्याची किंमत उत्पन्नात मोजावी लागली.

पाचव्या आठवड्यात पेरांशी पांढरे केस दिसू लागले, म्हणजे रोप मादी असून फुलावर आल्याची खूण. इथून पुढचा काळ नवशिक्याला सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत धोक्याचा असतो. जुलैमध्ये जपानी भुंगे आले. पानांची जाळी करून टाकणारे हे तांबूस-हिरवे किडे मी सकाळी, ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात झटकत असे. कोवळ्या शेंड्यांवर माव्याने ठाण मांडले तेव्हा नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काम भागले. फुलांवर कीटकनाशक मारू नये, कारण पुढे हीच फुले ओढली किंवा खाल्ली जाणार असतात. खरी हानी पावसाने केली. ऑगस्टच्या सुरुवातीला तीन दिवस वादळी पाऊस झाला आणि सर्वांत भरघोस फुलोऱ्याच्या आतून राखाडी बुरशी लागली. बाहेरून फक्त एक पान पिवळे पडलेले दिसते, ते ओढले की सहज हातात येते आणि आतले देठ तपकिरी झालेले असते. तेवढा भाग खालच्या निरोगी देठासह कापून टाकून द्यावा लागतो. वाळवून वाचवता येईल, या मोहात पडू नये. हेच रोप ऑक्टोबरपर्यंत उभे ठेवावे लागले असते तर हाती काय उरले असते, याचा विचार करूनच मला त्या विक्रेत्या मुलीचे पुन्हा आभार मानावेसे वाटले.

कापणी ८३ व्या दिवशी केली. पाकिटावरचे ‘८ ते १० आठवडे’ खोलीतल्या रोपाला लागू पडत असतील, पण बाहेर, ढगाळ दिवस आणि सावली धरून, माझ्या रोपांना जवळपास बारा लागले. तयार झाल्याची खूण तारखेत नसते, फुलावरच्या चिकट दाण्यांत असते. साध्या भिंगाखाली ते काचेसारखे दिसले तर थांबायचे, दुधाळ होऊन त्यांतले काही पिंगट दिसू लागले की कापायचे. तळघरात अंधारात, मंद पंखा भिंतीकडे वळवून, फांद्या उलट्या टांगून दहा दिवस वाळवल्या. देठ वाकण्याऐवजी कट्‌कन मोडू लागले तेव्हा फुले काचेच्या बरण्यांत भरली आणि पहिले दोन आठवडे बरण्या रोज थोडा वेळ उघडत राहिलो. थेट पेरलेल्या एका रोपाने ५२ ग्रॅम दिले आणि हलवलेल्या दोघांनी मिळून ४१. घराबाहेर एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त जवळ बाळगता येत नाही, त्यामुळे कुणाला बरणीभर भेट देण्याचा उत्साह आवरावा लागतो.

दुकानाबद्दल एक गोष्ट मनात सलते. बी घेतल्यावर गल्ल्यावरच्या दुसऱ्या माणसाने ७० डॉलरचा तीन बाटल्यांचा खतसंच जवळजवळ गळ्यात बांधला. चांगल्या कंपोस्टच्या मातीत एवढ्या आखूड आयुष्याच्या रोपाला त्याची गरज नव्हती. पहिल्याच मात्रेने पानांची टोके जळली आणि उरलेल्या बाटल्या अजून गॅरेजमध्ये पडून आहेत. बी आणि सल्ला यांना मी पाचपैकी चार गुण देईन, पाकिटावरच्या सूचनांना एक, आणि खतसंचाला काहीच नाही.

यंदा त्याच दुकानातून तेच बी घेणार आहे. तारीख आधी पाहीन, चारही बिया थेट मोठ्या कुंड्यांत पेरीन आणि कुंड्या कुंपणाच्या दक्षिणेकडच्या बाजूला ठेवीन, जिथे संध्याकाळी सहापर्यंत ऊन असते. त्यासाठी त्या बाजूच्या फाटकाला नवे कुलूप आणून ठेवले आहे.