उजवा खांदा, डावा डोळा: नेमबाजीच्या चष्म्याचा वर्षभराचा अनुभव

मी सगळी कामे उजव्या हाताने करते आणि रायफलही उजव्या खांद्यालाच लावते, पण माझा प्रबळ डोळा डावा आहे. ही गोष्ट मला वयाच्या ४५ व्या वर्षी कळली. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल हाताळली होती, तेव्हा उस्तादांनी सांगितले म्हणून डावा डोळा घट्ट मिटून नेम धरला होता आणि त्यापुढे काही विचार करावा लागला नव्हता. मुलीच्या निमित्ताने तीन वर्षांपूर्वी दादरला एअर रायफलचा सराव सुरू केला, तेव्हा आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवायला सांगितली. त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ दोन्ही डोळ्यांनी पाहायचे आणि मग एकेक डोळा मिटायचा. उजवा डोळा मिटला तरी घड्याळ जागेवरच होते आणि डावा मिटताच ते फटीतून नाहीसे झाले. डाव्या डोळ्याची ही सत्ता आणि त्यावर लागलेली चाळिशी, या दोन्हींवर उपाय म्हणून मी गेल्या वर्षी नेमबाजीचा खास चष्मा घेतला. त्यात तीन गोष्टी येतात: फ्रेम, लेन्स आणि डाव्या डोळ्यापुढचे झापड. हा अभिप्राय तिन्हींबद्दल आहे आणि ज्या दुकानाने लेन्स बसवून दिली त्याच्याबद्दलही आहे.

सर्वांत स्वस्त गोष्टीने सर्वाधिक फरक पडला, म्हणून आधी झापडाविषयी लिहिते. डावा डोळा प्रबळ असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून पीप साइटमधून, म्हणजे रायफलवर डोळ्याजवळ असलेल्या नेम धरायच्या बारीक छिद्रातून, पाहताना डाव्या डोळ्याचे चित्र मध्ये घुसते आणि नळीच्या टोकाकडच्या पुढच्या साइटमधल्या रिंगच्या शेजारी दुसरीच काहीतरी छाया तरंगू लागते. डोळा मिटून ही छाया जाते, परंतु १० मीटरच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात आणि एवढा वेळ एक पापणी दाबून धरली की गाल, कपाळ आणि शेवटी उघडा डोळाही शिणतो. काळी पट्टी लावणे हा उपाय वाटतो तितका चांगला नाही, कारण एका डोळ्यापुढे अंधार झाला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या थोड्या मोठ्या होतात, शिवाय तो काळोख मधूनमधून नेमाच्या चित्रावर पसरतो. झापड दुधी हवे, म्हणजे उजेड आत येतो आणि आकृती मात्र दिसत नाही. फ्रेमसोबत आलेले झापड चांगले आहे, पण ते थोडे करडे वाटल्याने मी आईस्क्रीमच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणातून ३० मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि तीच आजवर वापरते. समोरच्या झापडाची रुंदी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून कापताना फूटपट्टी लावून मापावे.

चाळिशीचा प्रश्न मात्र झापडाने सुटणारा नव्हता. एअर रायफलच्या लक्ष्यावरचे काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचे असते आणि मधला दहाचा ठिपका अवघ्या ०.५ मिलिमीटरचा, म्हणजे बॉलपेनने टेकवलेल्या टिंबाएवढा. तो ठिपका पाहून कोणी नेम धरत नाही. पुढच्या साइटमधल्या रिंगच्या आत काळे वर्तुळ बरोबर मध्यभागी ठेवायचे असते आणि भोवतीची पांढरी कडा चारही बाजूंनी सारखी राखायची असते. त्यासाठी रिंग धारदार दिसायला हवी आणि वर्तुळही पुरेसे स्पष्ट हवे. माझ्या उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर उणे १.२५ आहे. नेहमीचा चष्मा लावला की वर्तुळ लख्ख दिसे आणि रिंग मात्र लोकरीची असल्यासारखी केसाळ दिसे. चष्मा काढला की रिंग कोरून काढल्यासारखी दिसे आणि वर्तुळ पाण्यात सांडलेल्या शाईसारखे विरघळे. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या, चष्म्याने तर अधिकच घोटाळा झाला, कारण चीक पीसवर (रायफलवरच्या गाल टेकायच्या भागावर) गाल टेकला की मान किंचित वळते आणि झुकते, नजर काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते आणि तिथे ना नेमका नंबर असतो ना काच नजरेला काटकोनात असते.

फ्रेम घेतल्यावर मी आधी एका मोठ्या साखळी शोरूममध्ये लेन्स करायला टाकली. तिथल्या कर्मचाऱ्याने माझा कागदावरचा नंबर जसाच्या तसा गोल काचेत उतरवून दिला. कशासाठी हवी आहे, किती अंतरावर पाहायचे आहे, डोके कसे धरता, हे विचारलेच नाही आणि मी सांगू लागले तेव्हा "नंबर तोच असतो, मॅडम" एवढेच उत्तर मिळाले. दीड महिना मी त्या काचेतून नेम धरत राहिले आणि दोष माझ्या श्वासाला, गुडघ्यांना, ट्रिगरवरच्या बोटाला देत राहिले. त्याचे वाईट वाटते, कारण एखाद्या नव्या मुलाने एवढ्यावर खेळ सोडलाही असता.

मग रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजाने ठाकूरद्वारजवळच्या एका जुन्या, दोन माणसांच्या दुकानाची वाट दाखवली. दुकानाचे मालक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांना सगळे काका म्हणतात. रायफल दुकानात नेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी फक्त पीप साइट काढून सुती कापडात गुंडाळून नेली होती आणि आदल्या दिवशी मुलीकडून शिंप्याच्या टेपने माझ्या डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर मोजून घेतले होते. ते ८६ सेंटिमीटर भरले. काकांनी तो आकडा ऐकला, कागदावर दुप्पट केला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या लांबच्या नंबरात साधारण अर्धा नंबर अधिक घालायचा. मग डोळा रिंग आणि निशाण यांच्या मधोमध तडजोड करतो."

यामागचे गणित सोपे आहे. पीप साइटचे छिद्र बारीक असल्यामुळे जवळच्या आणि लांबच्या अंतरांचा बराच पट्टा एकाच वेळी पुरेसा स्पष्ट दिसतो. डोळ्याचा रोख पुढच्या साइटच्या सुमारे दुप्पट अंतरावर ठेवला तर त्या पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला रिंग येते आणि पलीकडच्या टोकाला १० मीटरवरचे लक्ष्य. माझ्या बाबतीत दुप्पट अंतर १.७२ मीटर होते. नंबर काढायला एकाला त्याने भागले की ०.५८ येते आणि बाजारात मिळणारा जवळचा नंबर ०.५० असतो. उणे १.२५ मध्ये अधिक ०.५० घातले की उणे ०.७५ होते. काकांनी ट्रायल फ्रेममध्ये आधी उणे ०.७५ आणि मग उणे ०.५० ची काच घातली, मला खांद्यावर रायफल असल्यासारखे उभे केले, पीप साइट डोळ्यापुढे धरायला लावली आणि दुकानाबाहेर समोरच्या भिंतीवर चिकटवलेले काळे वर्तुळ दाखवले. दुसऱ्या काचेत जवळचे किंचित अधिक ठसठशीत दिसत होते, पण वर्तुळाची कड करडी पडत होती, म्हणून उणे ०.७५ पक्का झाला.

याहून महत्त्वाचे काम सिलिंडरचे, म्हणजे तिरक्या नंबराचे, होते. मला उणे ०.५० चा सिलिंडर आहे आणि त्याचा अॅक्सिस, म्हणजे तो काचेत ज्या कोनात बसवायचा तो कोन, डोके सरळ ठेवून मोजलेला असतो. गाल टेकल्यावर डोके कलते आणि चष्म्याची फ्रेमही त्याबरोबर कलते, पण गोल कडीतली काच मात्र कोणत्याही कोनात बसू शकते. शोरूमच्या काचेवर खूणच नव्हती, त्यामुळे ती दर वेळी पुसताना फिरत असे. काकांनी अॅक्सिस माझ्या पवित्र्यात तपासला आणि काचेच्या कडेला वरच्या बाजूला बारीक कानशीने एक रेघ मारून दिली. आता काच काढली तरी ती रेघ कडीच्या स्क्रूसमोर आणायची, एवढेच लक्षात ठेवावे लागते. एकूण पाऊण तास त्यांनी दिला आणि काचेचे ९०० रुपये घेतले.

आता फ्रेमविषयी. ती जर्मन बनावटीची आहे आणि सुट्या भागांसह मला १६,५०० रुपयांना पडली. अशा घडणीच्या फ्रेम युरोपातल्या अनेक कंपन्या बनवतात आणि माझे म्हणणे घडणीविषयी आहे, म्हणून नाव लिहीत नाही. काचेची कडी एका दांडीवर असते. ती वर-खाली, आत-बाहेर सरकते आणि स्वतःभोवती वळते, त्यामुळे काचेचा मध्य नजरेच्या रेषेवर आणून ती रेषेला काटकोनात ठेवता येते. साध्या चष्म्यात हे शक्य नाही आणि फ्रेमची किंमत खरी याच एका गोष्टीची आहे. दांडीवरच्या खुणांमुळे एकदा बसवलेली जागा पुन्हा सापडते. मात्र नाकावरची गादी मुंबईच्या घामाला टिकत नाही; पावसाळ्यात चाळिसाव्या शॉटच्या सुमारास फ्रेम दोन-तीन मिलिमीटर खाली घसरते आणि तेवढ्यानेही काच मध्यावरून हटते. मी गादीवर सुती टेपचा तुकडा लावते आणि कानामागून दोरी घेते. स्क्रू बारीक आहेत आणि महिन्यातून एकदा सैल होतात. नेमबाजीच्या जॅकेटची उब आणि श्वास यांनी काचेवर वाफ धरते. वातानुकूलित हॉलमध्ये शिरल्यावर दहा मिनिटे काच उघडी ठेवली तर हा त्रास कमी होतो. आयरिसही (छिद्र लहान-मोठे करता येणारी चकती) घेतले होते, पण पीप साइटमध्ये ते आधीच असल्याने चष्म्यावरचे मी वापरत नाही. रंगीत फिल्टर बंद हॉलमधल्या दिव्यांखाली मला तरी निरुपयोगी वाटले.

गुणांचे म्हणाल तर पहिल्या दहा शॉटमध्ये मोठी वाढ झाली नाही. फरक शेवटच्या वीस शॉटमध्ये पडला. पूर्वी दहा-दहा शॉटच्या मालिकांपैकी पाचवी आणि सहावी मालिका चार-पाच गुणांनी घसरत असे, कारण तोवर डोळा रिंगवरून वर्तुळावर आणि वर्तुळावरून रिंगवर धावून थकलेला असे. आता ती घसरण जवळजवळ थांबली आहे. नेम धरून आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची, ही सरांची शिस्तही आता पाळता येते, कारण चित्र लवकर स्थिर होते.

माझ्यासारख्या प्रौढांनी हा मार्ग धरावा, पण लहान मुलांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. माझ्या मुलीचाही डावा डोळा प्रबळ निघाला आणि ती तेव्हा अकरा वर्षांची होती, म्हणून सरांनी तिला सरळ डाव्या खांद्यावर उभे केले. महिनाभर अवघडली आणि मग रुळली. ज्यांचा उजवा डोळा आजाराने अधू आहे आणि खांदा मात्र बदलता येत नाही, त्यांच्यासाठी उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा म्हणून प्रिझम किंवा आरसा लावण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. त्यात मोठे करून दाखवणारे भिंग असू नये, एवढी अट आहे. दिव्यांभोवती वलये दिसत असतील, किंवा साखरेच्या चढउताराने नंबर महिन्यागणिक बदलत असेल, तर चष्म्याच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. तिथे हजारो रुपयांची फ्रेम कामाची नाही.

वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकातल्या रेंजवर गेलात तर असा चष्मा लावलेला कोणी ना कोणी भेटतोच. विकत घेण्यापूर्वी त्याची फ्रेम पाच मिनिटे मागून लावून पाहावी. ठाकूरद्वारच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी जाऊ नये, गर्दीत काकांना वेळ देता येत नाही. मंगळवार-बुधवारी दुपारी तीननंतर जावे, पीप साइट, डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर आणि सहा महिन्यांच्या आतला नंबर सोबत न्यावा. काच चौथ्या दिवशी मिळते.