कुक काउंटीचं ‘केस अर्काइव्ह’: वापरणाऱ्या बाईचा अनुभव

मी शिकागोजवळच्या एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम करते. कुक काउंटी म्हणजे शिकागोचा जिल्हाच. तिथलं मेडिकल एक्झामिनर कार्यालय अचानक किंवा संशयास्पद मृत्यूंचं कारण ठरवतं. त्याच्या नोंदी इंटरनेटवर ‘केस अर्काइव्ह’ नावाने सगळ्यांना खुल्या आहेत. २०२०च्या मार्चपासून मी त्या वापरतेय. पैसे पडत नाहीत, हवी तर अख्खी फाइल एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. ऑगस्ट २०१४पासूनचे मृत्यू त्यात आहेत आणि रोज भर पडते.

एका ओळीत एक माणूस. नाव नाही. वय, वंश, मृत्यूची तारीख, पिनकोड, मुख्य कारण, आणि त्यापुढे दुय्यम कारण. एप्रिल २०२०मध्ये ड्यूटीवर जाण्याआधी मी चहा घेऊन बसायचे आणि नुसता पिनकोडचा रकाना खाली ओढत जायचे. शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातले तेच तेच आकडे. दुय्यम कारणात मधुमेह, रक्तदाब, पुन्हा मधुमेह. शिकागोत कृष्णवर्णीयांची वस्ती साधारण ३० टक्के. पण कोविडने गेलेल्या पहिल्या १०० शिकागोकरांत ७० जण कृष्णवर्णीय होते. पुढचा रुग्ण कुठल्या वस्तीतून येणार, हे ओळींवरून कळत होतं.

हे शक्य झालं कारण तेव्हा काउंटीतले कोविडचे मृत्यू या कार्यालयाने आपल्याकडे घेतले. एरवी आजारपणाने रुग्णालयात गेलेला माणूस इथे येत नाही. खून, अपघात, आत्महत्या, अचानक किंवा संशयास्पद मृत्यू एवढंच त्यांचं काम. तेव्हा प्रमुख होत्या डॉ. पोन्नी अरुणकुमार. खरा आकडा सांगण्याचा कार्यालयाचा बाणा मात्र जुना आहे. १९९५च्या उष्णतेच्या लाटेत तेव्हाचे प्रमुख डॉ. एडमंड डोनोह्यू यांनी उष्णतेचे बळी मोजले, तर महापौरांनी आकड्यावरच शंका घेतली. मागाहून हिशेब झाला तेव्हा नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त निघाले. डॉक्टर बरोबर होते.

आता खोट. मृत्यूचं कारण डॉक्टर आपल्या शब्दांत लिहितात, त्यामुळे एकच शब्द शोधून भागत नाही. मुख्य कारणाचे सगळे रकाने आणि दुय्यम कारण, सगळं चाळावं लागतं. विषबाधेच्या चाचण्यांना आठवडे लागतात, म्हणून ताज्या महिन्याचा आकडा कायम कमी दिसतो. नवख्याने त्यावरून निष्कर्ष काढू नये.

सगळ्यात मोठा धोका १ एप्रिल २०२२चा. त्या दिवसापासून रुग्णालय, नर्सिंग होम आणि हॉस्पिसमधले (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथले) नुसत्या कोविडचे मृत्यू कार्यालयाने घेणं थांबवलं. आलेख तिथे धाडकन खाली येतो. आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलीने ‘साथ संपली’ असं स्लाइडवर लिहिलं होतं. मी पुसायला लावलं.

इतकं असूनही मी पाचपैकी साडेचार देते. का, ते सांगते. एप्रिल २०२१मध्ये नगर जिल्ह्यात माझे थोरले काका घरीच गेले. ताप, खोकला, ऑक्सिजन ८०च्या खाली. टेस्ट झाली नाही, मृत्यूचं कारण लिहून द्यायलाही डॉक्टर आला नाही. दाखला मिळाला, पण आपल्याकडच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेलंच नसतं. भारतात २०२०मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. काकू अजून विचारतात, “नक्की कशाने गेले गं ते?” इथे शिकागोत बेवारस सापडलेल्या माणसाच्याही पुढे कारणाचा रकाना भरलेला असतो.

कार्यालयाकडे एकच मागणी आहे. एप्रिल २०२२ची टीप संकेतस्थळावरच्या वर्णनात आहे, पण फाइल उतरवली की ती सोबत येत नाही. ती फाइलमध्येच एक रकाना करून टाका.