एक रात्र, दोन जिने : 'जॉन विक ४' बघावा की 'डेड रेकनिंग'?

२०२३ साली चार महिन्यांच्या आत दोन मोठे ॲक्शनपट आले आणि योगायोग असा, की दोन्हींत पायऱ्यांवरून गडगडत खाली येण्याचा प्रसंग आहे. 'मिशन इम्पॉसिबल : डेड रेकनिंग'मध्ये रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवरून एक चिमुकली पिवळी फियाट ५०० कोलांट्या खात उतरते. 'जॉन विक : चॅप्टर ४'मध्ये पॅरिसला साक्रे-कर या चर्चकडे जाणाऱ्या २२२ पायऱ्यांवरून खुद्द नायक जॉन विकच घरंगळतो, तेही जवळजवळ वर पोहोचल्यावर. दोन्ही प्रसंगांत हसू येतं. फरक एवढाच, की फियाटच्या वेळी हसता हसता हात खुर्चीच्या दांड्याकडे जातो आणि जॉन विकच्या वेळी नुसतं हसूच येतं.

माझ्या मते निवड करायला एवढं पुरेसं आहे. पण ज्याला आठवड्यातून एकच रात्र मोकळी मिळते त्याचं एवढ्यावर भागणार नाही. एक १६९ मिनिटांचा, दुसरा १६३ मिनिटांचा. पाठोपाठ लावले तर साडेपाच तास जातात, तेव्हा एकच काय तो निवडावा लागणार. कलाकार कोण, आधीचे भाग किती, हे बहुतेकांना माहीत असतं, ते सोडून देतो. शेवट कुठलाच फोडलेला नाही.

आधी 'जॉन विक'ची बाजू, कारण कारागिरी बघायची तर ती इथे जास्त आहे. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की 'मॅट्रिक्स'मध्ये किआनू रीव्ह्जच्या, म्हणजे जॉन विक साकारणाऱ्या नटाच्याच, जागी स्टंट करायचा. त्यामुळे मारामारी कशी बसवतात आणि ती कुठे लपवतात, हे त्याला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. एरवीच्या मारधाडपटात ठोसा उचलला की कट, चेहऱ्यावर बसला की कट, माणूस पडला की पुन्हा कट. नटाला मारामारी येत नाही हे झाकायला ही तुकडेजोड कामी येते. स्टाहेल्स्की कॅमेरा मागे नेतो, माणसं डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत ठेवतो. मारणारा हात आणि त्याचा परिणाम एकाच शॉटमध्ये दिसतो. कोण कुठे उभा आहे याचा गोंधळ बघणाऱ्याचा होत नाही.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण शेवटच्या तासात आहे. पॅरिसमधल्या एका पडीक इमारतीत कॅमेरा वर जातो आणि छतच नसल्यासारखा सगळ्या खोल्यांवरून फिरतो. खाली घराचा नकाशा उलगडावा तशा भिंती, दारं, बोळ दिसतात. जॉनच्या बंदुकीत आग ओकणारी काडतुसं आहेत, त्यामुळे प्रत्येक गोळी कुठून निघाली आणि कुठे लागली हे उजेडाच्या फटकाऱ्याने कळतं. मजा अशी, की दाराआड दबा धरून बसलेला माणूस जॉनच्या आधी आपल्याला दिसतो. खालचा जॉन दाराशी पोहोचेपर्यंत आपणच मनातल्या मनात त्याला 'डावीकडे, डावीकडे' सांगत बसतो. एवढा स्वच्छ गोळीबार हल्लीच्या हॉलिवुडपटात दुसरा सांगता यायचा नाही.

दुसरी जागा जपानमधल्या ओसाकाची. डॉनी येनचा आंधळा मारेकरी स्वयंपाकघरात भिंतींवर छोट्या सेन्सरच्या घंट्या चिकटवत जातो. शत्रू पुढून गेला की घंटी वाजते, घंटी वाजली की हा त्या दिशेला गोळी झाडतो. युक्ती एका वाक्यात समजते आणि ती कशी चालते हे डोळ्यांसमोर दिसतं. ॲक्शनपटाकडून आणखी काय मागायचं?

मागायचं ते एकच, आणि ते म्हणजे गोळी लागली तर लागावी.

इथे येतो तो कोट. २०१७ च्या दुसऱ्या भागात रोमचा शिंपी जॉनच्या सुटाला खास अस्तर लावून देतो. गोळी आरपार जाणार नाही, पण दुखेल बरंच, असं तो बजावतो. तेव्हा ही कल्पना गमतीची वाटली होती, कारण असा सूट अंगावर असणं ही विशेष गोष्ट होती. चौथ्या भागात पोहोचेपर्यंत तो गणवेश झालाय. जॉन घालतो, त्याच्या मागावरची माणसंही घालतात. मग गोळीबाराचं गणितच बदलतं. दोन-तीन गोळ्या छातीवर मारायच्या, त्याने समोरचा नुसता डगमगतो. तेवढ्या वेळात अंतर तोडून जवळ जायचं, हात पिरगाळायचा, खाली पाडायचा आणि शेवटची गोळी डोक्यात. पहिल्या पाच माणसांना हे बघायला बरं वाटतं. पंधराव्याला आपण गोळ्या मोजायला लागतो. पन्नासाव्याला मोजणंही सुटतं.

त्यात ती बचावाची लकब. गोळ्या सुरू झाल्या की जॉन कोटाची एक बाजू उचलून तोंडासमोर धरतो. वडीलधारं माणूस दारात दिसल्यावर पूर्वीच्या बायका पदर पुढे ओढायच्या, अगदी तसंच. एकदा हे लक्षात आलं की त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आग ओकणारी बंदूक, डोक्यावरचा कॅमेरा, मागे पॅरिसची रात्र, आणि मध्येच हा पदर.

माझ्यापुरता निकाल याच पदराने लावला. कोट गोळ्या अडवतो, ते एकवेळ मान्य. पण कोटामुळे लागलेली ही न दुखण्याची सवय मग पुढे पसरते. बर्लिनच्या क्लबात जॉन मजलेच्या मजले खाली पडतो. पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ या कमानीभोवतीच्या वाहनांच्या भोवऱ्यात त्याला एकामागून एक गाड्या उडवतात. (यातलं बरंचसं चित्रण बर्लिनच्या बंद पडलेल्या टेगल विमानतळावर झालं, तरी पडद्यावर शंका येत नाही. काम तितकं चोख.) गाडीच्या बंपरला शिंप्याच्या अस्तराशी काय देणंघेणं? तरी तो उठतो, लंगडतो आणि दोन मिनिटांत पूर्ववत होतो. म्हणून २२२ पायऱ्यांवरून तो घरंगळतो तेव्हा पाठीचं काय होईल, हा प्रश्न मनात येत नाही. प्रश्न येतो तो घड्याळाचा. सूर्योदयाला त्याला वर द्वंद्वासाठी हजर राहायचंय, सूर्योदय ६ वाजून ३ मिनिटांनी आहे आणि आता हा माणूस पुन्हा पहिल्यापासून चढणार! जिन्याचा विनोद चालतो तो वेळेवर. जिवाचा धाक त्यात उरलेला नसतो.

खुद्द चित्रपटालाही हे उमगलं असावं असं वाटतं. कारण शेवटी जे द्वंद्व आहे त्यात एका वेळी एकच गोळी झाडायची, ठरलेल्या पावलांवरून, आणि दर फेरीला अंतर कमी करत जायचं. तिथे श्वास रोखला जातो. आधीच्या अडीच तासांत उडालेल्या हजारो गोळ्यांना मिळून जेवढं वजन नाही, तेवढं त्या मोजक्या गोळ्यांना आहे.

आता दुसरं पारडं. 'डेड रेकनिंग'मध्ये कुणाला कवचकुंडलं नाहीत, आणि संकट बहुधा बंदुकीतून येतच नाही. ते येतं जागेतून. रोमच्या पाठलागात नायक इथन (टॉम क्रूझ) आणि त्याच्यासोबत अडकलेली चोर ग्रेस, दोघांना मिळून एकच बेडी आहे. म्हणजे गाडी चालवणाऱ्याचा एक हात शेजारच्याच्या मालकीचा. गाडी एवढीशी, मागे रणगाड्याच्या जातीची चिलखती गाडी, रस्ते दगडी आणि अरुंद. वळण आलं की आधी हातांची वाटाघाटी, मग स्टिअरिंग. व्हेनिसमध्ये मारामारी अशा बोळात होते, की हात पूर्ण उगारता येत नाही, कोपर भिंतीला लागतं. मोकळ्या जागेत दहा ठोसे मारणाऱ्या माणसाला तिथे एक ठोसा मारायलाही कसरत. प्रसंग लहान आहे, पण 'जॉन विक'च्या बिनछताच्या घराला तोडीस तोड. तिथे वरून सगळं दिसण्याची मजा, इथे काहीच न दिसण्याची.

आणि मग आगगाडी. चित्रपटाच्या शेवटच्या टप्प्यात पूल तुटलेला, इंजिन खाली गेलेलं आणि मागचे डबे एकेक करून कड्यावर लटकत चाललेले. इथन आणि ग्रेसला उभ्या लटकलेल्या डब्यातून वर चढून मागच्या डब्यात पोहोचायचंय, तो डबा सुटायच्या आत. प्रत्येक डब्यात अडचण वेगळी. स्वयंपाकघराच्या डब्यात वरून कढत तेल आणि जाळ. पुढच्या डब्यात वर पियानो लोंबतोय. आता तो पियानो पडणार हे पोराबाळांनाही कळतं, फक्त कधी पडणार तेवढं कळत नाही. इथे कोट तोंडासमोर धरून काही उपयोग नाही. या प्रसंगासाठी इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या एका खाणीत खरोखरचं मोठं इंजिन कड्यावरून खाली सोडलं होतं. लोखंड पडतं तेव्हा ते कसं वाकतं, धूळ किती वेळाने उडते, हे संगणकाला अजून पूर्ण जमत नाही. डोळ्याला ते कळतं, का कळतं ते सांगता आलं नाही तरी.

नॉर्वेच्या कड्यावरून मोटरसायकलसकट मारलेल्या उडीचा मात्र मी फार गाजावाजा करणार नाही. उडी खरी आहे, टॉम क्रूझने ती स्वतः मारली, एका दिवसात सहा वेळा. ती चित्रणाच्या पहिल्याच दिवशी ठेवली होती, म्हणजे काही बरंवाईट झालं तर पुढचा खर्च तरी वाचेल. सरावासाठी ५०० च्या वर स्कायडाइव्ह आणि १३,००० मोटरसायकलच्या उड्या, असा निर्मात्यांचा आकडा आहे. सगळं कबूल. पण प्रसिद्धीच्या काळात ही उडी इतक्यांदा दाखवली, की चित्रपटात ती येते तेव्हा आपण ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखे मान डोलावतो. लग्नाआधीच जेवणाचा सगळा बेत सांगून टाकला, तशातली गत.

'डेड रेकनिंग'चा खरा दोष बडबड. खलनायक म्हणजे 'एंटिटी' नावाची कृत्रिम बुद्धी. तिला चेहरा नाही, हात नाहीत, त्यामुळे ती किती भयंकर आहे हे कुणीतरी सांगावंच लागतं. मग चार-पाच मोठे अधिकारी एका खोलीत जमतात, एक वाक्य सुरू करतो, दुसरा पुढे नेतो, तिसरा संपवतो, आणि कॅमेरा तिरका होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं समूहवाचन ज्यांनी ऐकलंय त्यांना ही शैली ओळखीची वाटेल. सगळे जिच्या मागे आहेत त्या दोन तुकड्यांच्या किल्लीबद्दलही असंच. किल्ली कुणाकडे आहे हे बघावं, ती कशाची आहे हे पहिल्या तासात नाही कळलं तरी काही बिघडत नाही.

इथे माझा हिशेब साधा आहे. बडबड दोन प्रसंगांच्या मध्ये येते. तेवढ्यात उठून पाणी पिऊन येता येतं, दूध तापवता येतं, परत येऊन बसलं तरी धागा हातातून सुटत नाही. कोट मात्र गोळीबाराच्या आतच शिवलेला आहे. ज्यासाठी आपण चित्रपट लावला, नेमका तिथेच तो आडवा येतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. 'डेड रेकनिंग' अर्धाच आहे. प्रदर्शनाच्या वेळी नावातच 'पार्ट वन' होतं, नंतर ते गाळलं. उरलेली गोष्ट २०२५ च्या 'द फायनल रेकनिंग'मध्ये आहे आणि तोही पावणेतीन तासांच्या पुढे जातो. आगगाडीचा प्रसंग मात्र आपल्यापुरता पूर्ण होतो, त्यामुळे त्या रात्री अधांतरी वाटत नाही. पण ज्यांना गोष्टीचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय झोप येत नाही, त्यांनी 'जॉन विक'च घ्यावा. तो शेवटपर्यंत जातो. शिवाय त्याला आधीच्या भागांची फारशी उजळणी लागत नाही. जॉनच्या डोक्यावर बक्षीस आहे आणि वरची मंडळी त्याला सोडत नाहीत, एवढं पुरे. 'डेड रेकनिंग'च्या आधी निदान याच मालिकेतला २०१८ चा 'फॉलआउट' बघितलेला असला तर काही चेहरे लवकर जागेवर बसतात.

घरात शाळकरी मुलं जागी असतील तर प्रश्नच मिटतो. 'जॉन विक ४' ला आपल्याकडे प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे आणि ते योग्य आहे. दुसरा यूए.

टीव्हीवर बघताना दोन गोष्टी जपाव्या. चित्र गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंग दोन्हींसाठी बंद करा. ते चालू असलं की मधल्या खोट्या चौकटी भरल्या जातात आणि इंजिन पडतानाचं वजन जाऊन मालिकेतल्या गाडीसारखं दिसतं. 'जॉन विक'ला खोलीतले दिवे पूर्ण बंद हवेत. ओसाका आणि बर्लिन दोन्हींत काळोखात निऑनचा उजेड आहे, ट्यूबलाइटखाली काळे कोट काळ्या भिंतीत मिसळून जातात. 'डेड रेकनिंग'ला दिवे चालतील, पण सबटायटल लावून ठेवा. त्यातली माणसं महत्त्वाचं ते सगळं कुजबुजून सांगतात आणि लगेच स्फोट होतो, मग रिमोटवर आवाज खालीवर करण्यातच रात्र जाते.

थांबायची जागाही सांगतो. 'डेड रेकनिंग' रोमचा पाठलाग संपल्यावर थांबवा, जेवून घ्या, मग व्हेनिस. 'जॉन विक'मध्ये ओसाका संपलं की थांबा. आणि तो निवडलाच असेल, पण बर्लिनपर्यंत डोळे मिटायला लागले, तर सरळ झोपा आणि पॅरिसची रात्र दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघा. छत नसलेलं ते घर अर्धवट झोपेत घालवायचं नाही.