मुलांना तात्या विंचू दाखवायचाय? आधी कोणता ‘झपाटलेला’?

नव्वदच्या दशकात मुंबईत वाढलेल्या बहुतेकांनी तात्या विंचूच्या धास्तीने एखादी रात्र तरी आईला बिलगून काढली आहे. आता त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली आहेत आणि मे महिन्याची सुट्टी लागली, की घरोघरी विषय निघतो: तो बाहुला मुलांना दाखवायचा का? दाखवायचा, तर १९९३चा ‘झपाटलेला’ की २०१३चा ‘झपाटलेला २’? नवा चित्रपट मुलांना जास्त जवळचा वाटेल, असा अनेकांचा अंदाज असतो. मला तसं वाटत नाही. आधी जुनाच दाखवावा, तोही मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावर. आणि जमलं तर दोन्हींच्या आधी बोलक्या बाहुल्यांचा एखादा कार्यक्रम प्रत्यक्ष दाखवून आणावा.

महेश कोठारे यांच्या पहिल्या चित्रपटाची गोष्ट सरळ आहे. तात्या विंचू नावाचा गुंड बाबा चमत्कारकडून मंत्र मिळवतो, पोलिसांच्या गोळीने मरता मरता त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला श्रीरंगपूरच्या लक्ष्याच्या हाती पडतो. बाहुल्याच्या शरीरातून सुटायचं, तर तात्याला लक्ष्याचंच शरीर हवं. कल्पनेची मूळ प्रेरणा १९८८च्या एका अमेरिकी भयपटाची, पण त्या गोष्टीत लक्ष्मीकांत बेर्डे उभे राहिले आणि ती अस्सल मराठी झाली.

पहिल्या चित्रपटाचं खरं बळ तेच आहे. आपण बेर्ड्यांना विनोदासाठी आठवतो. इथे त्यांच्या डोळ्यांकडे बघा. समोर एक निर्जीव बाहुला आहे, त्याच्याशी ते आधी मित्रासारखे बोलतात, मग त्याच्याकडे संशयाने बघतात, मग त्याला घाबरतात. बाहुल्याच्या चेहऱ्यावर हावभाव तसे मोजकेच. बाकीचं सगळं समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर घडतं, आणि त्यामुळे बाहुला जिवंत आहे हे आपण मान्य करून टाकतो. रामदास पाध्ये यांनी तात्याला घडवलं आणि खेळवलं, दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला, पण त्यावर विश्वास बसवला लक्ष्याने.

प्रभावळकरांचा तो आवाज तर मुलांना मुद्दाम ऐकवण्यासारखा आहे. दूरदर्शनवरचा भाबडा चिमणराव हा त्यांचाच, आणि पुढे २००६मध्ये हिंदी पडद्यावर गांधीजी झाले तेही तेच. एकाच गळ्यातून इतकी वेगळी माणसं निघू शकतात हे कळलं, की मुलं चित्रपट संपल्यावर स्वतः आवाज काढून बघतात. माझ्या भाचीने ते आठवडाभर केलं आणि घरातल्या सगळ्यांना पुरतं सतावलं.

आता भीतीचं. लहान मुलांना पडद्यावरचे खून तितकेसे घाबरवत नाहीत, असं मी माझ्या घरात तरी पाहिलं आहे. त्यांना घाबरवते ती दुसरीच गोष्ट: लक्ष्या जीव तोडून खरं सांगतोय आणि एकही मोठा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. उलट खुनाचा आळ त्याच्यावरच येतो, त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेतात. सहा वर्षांच्या मुलाला हे फार लागतं. आठ-नऊ वर्षांचं मूल तेच बघून चिडतं, टीव्हीकडे बघून ओरडतं, आणि ते चालण्यासारखं आहे. इस्पितळाचा भाग आजच्या नजरेला खटकतो. तेवढ्यासाठी चित्रपट टाळू नका, फक्त मुलाने विचारलं तर मध्येच थांबवून नीट बोला.

‘झपाटलेला २’ वीस वर्षांनी आला, थ्रीडीमध्ये. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेले होते, म्हणून गोष्ट लक्ष्याच्या मुलाकडे आली. ती भूमिका आदिनाथ कोठारेची. पोलीस अधिकारी महेश जाधव म्हणून महेश कोठारे परतले, तात्याचा आवाज पुन्हा प्रभावळकरांचाच, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. गावच्या जत्रेची पार्श्वभूमी आहे, रंग झगझगीत आहेत, वेग जास्त आहे. मुलांना पाहताना कंटाळा येत नाही हे मान्य. पण थ्रीडीसाठी रचलेली दृश्यं, म्हणजे अंगावर झेपावणाऱ्या वस्तू वगैरे, घरच्या टीव्हीवर सपाट होतात. थिएटरात चष्मा लावून किंचाळण्यात जी मजा होती, ती आता मिळत नाही आणि चित्रपटाचा बराचसा डाव त्या मजेवरच होता.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. दुसऱ्या चित्रपटात तात्या येण्याआधीच सगळ्यांना ठाऊक आहे की तो जिवंत आहे. आपण टाळ्या वाजवायला तयारच बसलेलो असतो. नव्याने पाहणाऱ्या मुलाला मात्र या टाळ्या कशासाठी ते कळत नाही, कारण त्याने बाहुल्यात जीव येताना पाहिलेलाच नाही. म्हणून क्रम उलटा लावू नका.

इथे २०११चा ‘द मपेट्स’ आठवतो. लहानपणीच्या बाहुल्यांना कुटुंबासाठीच्या नव्या चित्रपटात परत आणायचं, हे तिथेही होतं. या मपेट्स बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन १९९०मध्ये गेले, तेव्हापासून त्यांचा बेडूक कर्मिट दुसऱ्या कलाकाराच्या हातावर बोलत होता. म्हणजे तिथे बाहुला तोच, हात आणि आवाज नवा. आपल्याकडे आवाज तोच, पण समोरचा जिवलग गेलेला. मपेट्सवाल्यांनी यावर सुंदर तोड काढली: वॉल्टर नावाचा नवा बाहुला आणला, जो स्वतःच या जुन्या मंडळींचा लहानपणापासूनचा चाहता आहे. त्याच्यासोबत नवखं मूलही आत शिरतं, आधीचं काही न पाहता. ‘झपाटलेला २’मध्ये मला असं दार सापडलं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी विचार न करता ‘द मपेट्स’ लावेन. गाणी छान आहेत, त्यातल्या एकाला ऑस्करही मिळालं. फक्त भाषा इंग्रजी, तेव्हा शेजारी बसून सांगत राहायची तयारी हवी.

आणि तो प्रत्यक्ष कार्यक्रम कशासाठी, तेही सांगते. पाध्ये कुटुंबाचा अर्धवटराव हा बोलका बाहुला रामदासजींचे वडील यशवंत पाध्ये यांच्यापासून चालत आलेला आहे, त्याची शंभरी उलटली. मुंबईच्या नाट्यगृहांत, गणेशोत्सवात बोलक्या बाहुल्यांचे खेळ अजून होतात, इतर कलाकारही करतात. पुढच्या रांगेत बसलात तर मुलाला दिसतं, की कलाकाराचा एक हात बाहुल्याच्या पाठीतून आत गेलेला आहे, आणि डोकं, जबडा, डोळे तो आतून हलवतोय. घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून ओठ न हलवता ‘बाबा, पापड’ म्हणायला सांगा. प, ब, म ही अक्षरं ओठ टेकल्याशिवाय निघत नाहीत. शब्दभ्रमकार, म्हणजे बाहुल्यांना बोलवणारा कलाकार, तिथे जीभ दातांमागे टेकवून जवळचा आवाज काढतो आणि बाकीचं आपला कान भरून घेतो. हे एकदा करून पाहिलेलं मूल तात्याला घाबरतं, पण त्याच घाबरण्यात ‘आत हात कुणाचा असेल?’ हेही शोधत असतं. रात्रीच्या झोपेला त्याचा फार उपयोग होतो.

राहता राहिली घरातली अडचण. मोठं मूल दहाचं आणि धाकटं चारचं असेल, तर मुंबईच्या वन बीएचकेमध्ये ‘तू आत जा’ म्हणायला आत असं काही नसतं. तात्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचतोच, आणि नुसता आवाज ऐकणं हे बघण्यापेक्षा वाईट. अशा घरात धाकट्याला दुपारी आजीकडे किंवा शेजारच्या काकूंकडे पाठवा आणि मोठ्याला १९९३चा लावा, दिवसाढवळ्या, पडदे उघडे ठेवून. २०१३चा त्याच सुट्टीत नंतर कधीही चालेल. धाकट्याची पाळी अजून चार वर्षांनी.