हतनूर धरण: पाणीपुरवठ्यात उजवे, पूरनियंत्रणात लंगडे

चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला, भुसावळजवळ, 1982 साली पूर्ण झालेले हतनूर धरण आहे. बोलताना आपण त्याला सरसकट बहुउद्देशीय म्हणतो. परंतु एकेक उद्देश वेगळा काढून तपासला, तर त्याला सगळीकडे सारखे गुण देता येत नाहीत.

पाणीपुरवठा ही त्याची सर्वांत भक्कम बाजू आहे. दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, भुसावळची रेल्वे आणि वरणगावची आयुधनिर्माणी याच पाण्यावर चालतात. धरणावर जलविद्युत केंद्र नाही. विजेच्या खात्यात जमा धरायचे ते दीपनगरला जाणारे पाणीच. उजव्या कालव्याचे पाणी यावल-चोपड्याकडे जाते. केळीला आवर्तनाची, म्हणजे कालव्याला ठरावीक अंतराने सुटणाऱ्या पाण्याची, वाट पाहणे परवडत नाही, त्यामुळे बागाईतदाराची भिस्त विहिरीवर आणि ठिबकवर असते. मात्र कालवा वाहू लागला की शेजारच्या विहिरींना पाझर लागतो, आणि भिजलेल्या क्षेत्राच्या हिशेबात न दिसणारा हा लाभ मला मोठा वाटतो.

पूरनियंत्रणाच्या बाबतीत मात्र हे धरण लंगडे पडते. एकूण साठा 388 आणि उपयुक्त (म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारा) साठा 255 दशलक्ष घनमीटर, तर एक लाख क्युसेकचा (सेकंदाला एक लाख घनफूट) पूर एका दिवसात सुमारे 245 दशलक्ष घनमीटर पाणी आणतो. म्हणजे सगळा उपयुक्त साठा रिकामा ठेवला, तरी असा पूर जेमतेम एक दिवस थोपवता येईल. त्यामुळे 41 दरवाजे उघडून पूर पुढे वाटेला लावणे, एवढेच हतनूरच्या हाती उरते. खाली गुजरातमध्ये तापीवरच असलेला उकाईचा जलाशय कितीतरी मोठा आहे आणि तेथे 300 मेगावॅटचे जलविद्युत केंद्रही आहे. तरीही ऑगस्ट 2006 मध्ये सुरत बुडाले, कारण सिंचनासाठी व विजेसाठी धरण भरलेले हवे असते आणि पुरासाठी रिकामे, आणि ही ओढाताण भिंत उंच केल्याने मिटत नाही.

गाळाने हतनूरची अडचण आणखी वाढवली आहे. विदर्भातील काळ्या मातीतून येणारी पूर्णा गढूळ पाणी आणते आणि ते जलाशयात संथ झाले की गाळ खाली बसतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला दरवाजे उघडे ठेवले तर पूर आणि गाळ दोन्ही पुढे सरकतात, पण परतीच्या पावसाने दगा दिला तर रब्बीचे पाणी धोक्यात येते. शिवाय साठ्याची टक्केवारी मूळ क्षमतेवर काढली असेल, तर शंभर टक्क्यांच्या बातमीत गाळाने व्यापलेली जागाही पाणी म्हणून मोजली जाते. म्हणून नव्या धरणाच्या आराखड्यात मी आधी भिंतीची उंची पाहणार नाही. पुरासाठी किती साठा कोणत्या तारखेपर्यंत रिकामा ठेवणार आणि गाळाचे फेरमोजमाप किती वर्षांनी करणार, ही दोन उत्तरे शोधीन.