पुण्याहून अमेरिकेला औषधं पाठवणारी कुरिअर एजन्सी : माझा अनुभव, 4 स्टार

सासू-सासरे माझ्या दिरांकडे न्यू जर्सीला व्हिजिटर व्हिसावर गेलेत, मुक्काम लांबला आणि बाबांच्या बीपी-थायरॉईडच्या गोळ्या संपत आल्या. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुने आजार सहसा धरत नाहीत, म्हणून इथूनच पाठवायचं ठरलं. आधी एक-दोन ठिकाणी विचारलं तर "ताई द्या ना, आम्ही खाऊ म्हणून टाकतो" असं सरळ सांगितलं. मला ते अजिबात पटलं नाही. पार्सलवर नाव आपलं, आधारची कॉपी आपली, आत काय आहे त्याचं डिक्लेरेशन आपल्या सहीचं, आणि एक्स-रेमध्ये स्ट्रिप दिसल्या तर सोबत कागद शून्य. मग अडकतं कोण, तर बाबांचं औषध.

या एजन्सीत काउंटरवरच्या दादांनी पहिला प्रश्न विचारला की औषध कोणाचं आणि ते तिकडे कुठल्या व्हिसावर आहेत. मला तेव्हाच बरं वाटलं. त्यांनी नीट समजावलं की अमेरिकेत बाहेरून औषध मागवणं असं सरसकट चालत नाही, पण तिथे पाहुणा म्हणून गेलेल्या परदेशी माणसाला स्वतःच्या वापरासाठी साधारण 90 दिवसांपुरतं औषध पोस्टाने किंवा कुरिअरने मागवता येतं, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी, इंग्लिशमधलं प्रिस्क्रिप्शन आणि औषध कशासाठी आहे ते सांगणारं डॉक्टरांचं पत्र पार्सलसोबत जायला हवं, आणि एवढं करूनही सोडायचं की नाही हे शेवटी तिथली एफडीए (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आणि कस्टम्स ठरवणार. "गॅरंटी देणार नाही, कागद पक्के करून देतो," असं म्हणाले. रोज एक गोळी म्हणजे 90 गोळ्या, त्यावर एकही नाही, मी "थोड्या जास्त टाकूया का" विचारलं तरी ऐकलं नाही.

प्रिस्क्रिप्शन तर त्यांनी परतच पाठवलं, कारण त्यात नुसती ब्रँडची नावं होती. आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या अधिकाऱ्याला काय कळणार, म्हणून टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, थायरॉक्सिन अशी औषधांची मूळ नावं, किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे सगळं टाईप करून, सही-शिक्क्यासकट आणायला लावलं. मेडिकलचं बिल बाबांच्याच नावावर, बॅच नंबरसकट. स्ट्रिप कापलेली नको कारण एक्स्पायरी त्यात जाते. वजन वाचवायला गोळ्या डबीत ओतून नेणारे लोक असतात म्हणे, तेही ते घेत नाहीत, आणि बरोबरच आहे, टेल्मिसार्टन दमट हवेत खराब होतं.

दोन गोष्टींना स्पष्ट नकार मिळाला. एक, झोपेसाठी दिलेली क्लोनाझेपामची गोळी. ही आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, देशाबाहेर पाठवायला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोची परवानगी लागते, आणि अमेरिकेतही ती कंट्रोल्ड आहे. दिरांना सांगून तिथल्या डॉक्टरकडून लिहून घेतली, पैसे गेले पण काळजी मिटली. दुसरी आईंची आरोग्यवर्धिनी. तिच्यात कज्जली म्हणजे पारा आणि गंधकाचं मिश्रण असतं आणि जड धातू असलेल्या आयुर्वेदिक औषधांबद्दल एफडीएने इशारे दिलेले आहेत. आई फोनवर नाराज झाल्या, पण एका डबीपायी बाबांच्या गोळ्या अडकल्या असत्या तर?

पोस्टाने का नाही पाठवलं असं बरेच जण विचारतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची आयात ड्यूटीची सूट काढली तेव्हा आपल्या पोस्टाने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली होती, 15 ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाली. पोस्ट स्वस्त पडतं हे खरं, पण प्रिस्क्रिप्शन वाचून चूक दाखवणारं माणूस मला इथे मिळालं.

माझ्यासमोर एक रिसर्च करणारी मुलगी ड्राय आइसमधले (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमधले) सॅम्पल घेऊन आली होती. तिच्या बॉक्सचं झाकण पूर्ण सील केलेलं बघून दादांनी ते लगेच उघडायला लावलं, कारण ड्राय आइसचा गॅस होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर बॉक्स फुटू शकतो. वरती यूएन 1845 (धोकादायक मालाच्या यादीतला ड्राय आइसचा नंबर) चं लेबल आणि ड्राय आइस किती किलो ते लिहायला लावलं. शिवाय सॅम्पल कशाचं, बायोडायव्हर्सिटी कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का हे विचारलं, तिच्याकडे उत्तर नव्हतं, तर बॉक्स घेतला नाही. गाईडशी बोलून या म्हणाले, अगदी प्रेमाने.

एक स्टार कापला तो रेटसाठी. फोनवर वजनाचा दर सांगतात, पण बिल बॉक्सच्या मापावर लागतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये भागिले 5000 म्हणजे जितके येतील तितके किलो, हे आधी सांगायला पाहिजे होतं. मला मोठ्या खोक्याचे पैसे पडले असते, शेवटी तिथेच छोट्या खोक्यात भरून घेतलं. इन्सुलिनही जेल पॅक घालून घेतात, पण वाटेत कस्टम्सला थांबलं तर 2 ते 8 डिग्री टिकेलच असं नाही हे स्वतःच सांगतात, त्यामुळे ज्यांना इन्सुलिन पाठवायचंय त्यांनी तिकडेच सोय बघा.

पार्सल पोचलं, वाटेत उघडून तपासलेलं होतं, गोळ्या सगळ्या जागेवर. जाताना डॉक्टरांच्या पत्राच्या दोन प्रती न्या, एक बॉक्सच्या आत ठेवतात आणि एक बाहेरच्या पाकिटात.